मोठ्या दातांचे टायर आणि धाकटी जाऊ

चि. सौ. स्तामेनका हिला,

थोरली बहीण विदोसावा हिचे आशीर्वाद, जेवढे उरलेत तेवढे सगळे. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या म्हाताऱ्याचा, मिलिसावचा, खोकला थांबला का? त्याला म्हणावं, सिगारेट सोड, आणि सोडणार नसशील तर निदान खिडकी उघड. इकडे सगळे मजेत आहेत. माझी धाकटी जाऊ इकोनिया तर फारच मजेत आहे. तिच्याबद्दल मी एक शब्दही लिहिणार नाही.

तिच्या जावयाने तिला ऑस्ट्रियाहून जीप आणून दिली. (जावई असा असतो. आमच्या रादिसावला सासुरवाडीहून काय मिळालं? शिवणाचं मशीन, तेही लंगडं.) जीप चारही चाकांनी ओढणारी, रंग असा की चिखलसुद्धा बसायला लाजतो. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प राहिले असते, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण थंडी पडली तशी जीपला नवेकोरे हिवाळी टायर लागले, आणि ही बाई अंगणात खुर्ची टाकून टायरांकडे बघत घेवडा निवडायला बसू लागली. टायरांकडे बघत कुणी घेवडा निवडतं का गं?

तुला खरं तर सांगायला नको, पण कीकिंदाच्या सपाट मुलखात राहून तू डोंगरातलं सगळं विसरलीस, म्हणून सांगते. सासरे गेल्यावर दोघा भावांनी चुली वेगळ्या केल्या, गाई वाटल्या, कुऱ्हाडीसुद्धा वाटल्या, पण घराचा संत काही वाटून घेता येत नाही. म्हणून संत निकोलाची स्लावा, घराच्या संताचा सण, दोन्ही घरी, एकाच दिवशी, आणि सणाचा पाव कापायला पाद्री एकच. त्यात डिसेंबरचं बर्फ. पाद्रीबाबांना खालच्या गावातून ज्याची गाडी वर आणेल, त्याच्या घरचा पाव आधी कापायचा, हा आमच्या वाडीचा कायदा. आमची नीवा गाडी आली तेव्हापासून पहिला पाव माझा. इकोनियाच्या घरी पाद्रीबाबा पोचेपर्यंत तिची मेणबत्ती अर्धी वितळलेली असायची. (वाईट वाटायचं मला. थोडं.) आता तूच सांग, तिला ते टायर रस्त्यासाठी हवे होते की माझ्या पावासाठी?

आमचे टायर तर मिलिसावच्या टाळूसारखे गुळगुळीत. रादिसाव म्हणतो, आई, चारही चाकं ओढतात, हिवाळी टायर म्हणजे शहरवाल्यांचे चोचले. (त्याच्या बापाचंही हेच म्हणणं होतं. बाप नंतर गाडीसकट ओढ्यात सापडला, जिवंत, पण म्हणणं तेच.) सूनबाई देसांका मोबाईलमध्ये वाचून शहाणी झालेली. म्हणे, ओढणं वेगळं आणि थांबणं वेगळं. ज्या टायरावर डोंगर आणि डोंगरात बर्फाचं फूल कोरलेलं असतं तेच घ्या, त्याचं रबर थंडीत मऊ राहतं, बर्फाला धरून ठेवतं. मी म्हटलं, बाई, आपल्याला वर यायचंय. वर आलं की घर आहे, घरी आलेला माणूस आपोआप थांबतो.

तरी खात्री करावी म्हणून कोंबडी शोधायच्या निमित्ताने मी इकोनियाच्या अंगणात गेले (कोंबडी खुराड्यात होती) आणि नखाने टायर दाबून पाहिला. ताज्या चीजसारखा मऊ! वर बारीक बारीक चिरा. तेवढ्यात खिडकीतून आवाज, "काय हो जाऊबाई, दाबून बघताय? पिकलाय का?"

त्याच आठवड्यात मी रादिसावला घेऊन टायरच्या दुकानात गेले. कोपऱ्यात लाकूड वाहणाऱ्यांचे टायर होते, दात असे की लांडग्याने बघून वाट बदलावी. नखाने दाबलं तर नखच मोडलं. म्हटलं, हेच द्या. दुकानदार म्हणाला, "आजी, हे चिखलाचे आहेत." मी म्हटलं, "बर्फ वितळलं की काय होतं रे?" त्याने बिल फाडलं.

सणाच्या सकाळी, इकोनियाची जीप हलायच्या आत, मी स्वतः गाडीत बसून पाद्रीबाबांना आणायला गेले. चढावर आमची नीवा ताज्या बर्फात दात रोवत अशी निघाली की पाद्रीबाबा म्हणाले, "विदोसावा, ही गाडी आहे की बकरी?" मी म्हटलं, "टायर पारखून घेतलेत, बाबा." मग माथा आला. माथ्यावरून थोडा उतार, उतारावर आमचं फाटक, आणि उतार संपतो तिथे इकोनियाचं अंगण. उतारावर बर्फाची काच झालेली. रादिसावने ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. आमचं फाटक आलं. फाटकात देसांका मेणबत्ती धरून उभी. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. फाटक गेलं. पाद्रीबाबांनी तोंडातून प्रार्थना काढली, रादिसावने जे काढलं ते सणासुदीचं पत्रात लिहीत नाही. आणि नवरीला पोचवायला निघाल्यासारखे आम्ही सावकाश, दिमाखात, आडवे होत होत, इकोनियाच्या लाकडांच्या राशीत जाऊन रुतलो.

ती सणाच्या शिजवलेल्या गोड गव्हांचं ताट घेऊन दारातच होती. म्हणाली, "या, या, जाऊबाई! उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही घेऊन आलात!"

स्लावेच्या दिवशी दारात आलेल्याला घालवता येत नाही, आणि दारात आलेल्याला निघता येत नाही. क्रूस केला, गहू खाल्ले, "सण सुखाचा होवो" म्हणाले. (घशात गहू अडकला की शब्द, सांगता येत नाही.) मी बाबांना म्हटलं, कायद्याने गाडी आमची, पाव आमचा आधी. ते म्हणाले, "गाडी तुझी, पण कुठे उतरायचं ते संत निकोलाने ठरवलं." (संत निकोला म्हणे प्रवाशांचा राखणदार. त्याला फाटक दिसलं नाही?) पाव तिचा कापला गेला. वर तिचा मासा खावा लागला, आणि सांगायला लाज वाटते, मासा चांगला होता. मग तिच्याच जीपने पाद्रीबाबांना आमच्याकडे पोचवलं. जीप आमच्या फाटकासमोर अशी थांबली, जशी मांजर उंबऱ्यावर बसते. आमची मेणबत्ती अर्धी वितळली होती.

बाकी सर्व क्षेम. देव तुला हेवा करणाऱ्या माणसांपासून लांब ठेवो.

तुझी थोरली,
विदोसावा

ता. क. डोळे अधू झाल्यापासून मिलिसावची नीवा गॅरेजात झोपलेली आहे ना? देसांकाला आठवतं, त्या गाडीच्या टायरांवर ते डोंगर-फुलाचं चिन्ह आहे. कीकिंदात तेवढा एकच डोंगर आहे, तो कशाला अडवून ठेवता? ते टायर बसने पाठव. जानेवारीत पाद्रीबाबा पवित्र पाणी घेऊन पुन्हा वर यायचेत. पण मी मागितले असं लिहू नकोस. लिही की गॅरेजात अडचण होते, ताई, उपकार कर आणि ने. रादिसाव पत्र मोठ्याने वाचेल, मी आधी नको म्हणेन.

आणखी ता. क. दातवाल्या टायरांत काही खोट नाही. वसंतात चिखल होऊ दे, मग दाखवते.

शेवटचं ता. क. आमची नीवा अजून त्या लाकडांतच रुतलेली आहे, म्हणून हे पत्र टाकायला इकोनियाच्या जीपमधून खाली चालले आहे. उतारावर लिहिते आहे, तरी अक्षर बघ, कुठे हललंय का? सीटला खालून ऊब येते, स्तामेनका. ती सारखी विचारते, "ऊब लागतेय ना, जाऊबाई?" मी म्हटलं, मला बाई काहीच जाणवत नाही. पोस्ट आलंसुद्धा. जरा बसते.