मागचं सिलिंडर तापलं नाही

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे, पण आधी हे वाचा. आपल्या विमानाचं मागचं सिलिंडर तापलं नाही! इंजिन पूर्ण जोरात चालवलं, तरी काटा लाल रेघेच्या खालीच. शेजारचे बघत होते, तरी मी नाचले.

आपण दोघंही येडे. हवा कमी पडते म्हणून इंजिनच्या कव्हरचं पुढचं तोंड मोठं करत बसलो. आज मी आईच्या लोकरीचे तुकडे त्या तोंडात चिकटवून इंजिन सुरू केलं, तर ते चक्क बाहेरच्या बाजूला फडफडायला लागले. हवा आल्या पावली परत जात होती, कारण मागून बाहेर पडायला तिला जागाच नव्हती.

म्हणून इंजिनच्या कव्हरला मागून खाली करवत लावली. हो, तुम्ही हाताने घडवलेल्या, ज्याला आता आणखी हात लावायचा नाही म्हणून आपलं वाजलं, त्याच कव्हरला. कडा मात्र ओबडधोबड झाल्यात. तुमच्यासारखी कानस मला जमत नाही.

शेडमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणालात ना? नका ठेवू. विमान ढकलत अंगणात आणलंय. कानस सीटवर आहे. तुमच्या.