वाचून केलेली सही

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे. शाळेचं बांधणीचं काम एकदम आलं, तीनशे वह्या. घरभर खळीचा वास आहे आणि जेवायला बसायचं तर आधी पुठ्ठे उचलावे लागतात. फोन का करत नाही म्हणून तू रागावतोस, पण छापखान्यात इतकी वर्षं यंत्राशेजारी काढलेले हे कान. निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. मागे तू गुडघ्याचं सांगत होतास आणि मी बराच वेळ घोड्याची चौकशी करत होते. तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. परवा सोसायटीची सभा होती. इमारत पाडून नवी बांधायचं घाटतंय. मी वेळेवर गेले, पुढच्या रांगेत बसले, कारण मागून ओठ दिसत नाहीत. सेक्रेटरी, ज्याला तुझे दादा शिक्केवाले म्हणायचे, तो जवळ आला आणि म्हणाला की सभा फक्त सभासदांची आहे. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याने कागदावर लिहून दाखवलं. सगळे बघत होते. ज्यांच्या मुलींची पुस्तकं मी फुकट शिवून दिली ते शेजारीही बघत होते. मी खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि वर आले. चार जिने चढताना पहिल्यांदाच कठडा धरला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विचारलं. तेव्हा कळलं की दादा गेल्यानंतर त्यांच्या जागी तुझं नाव लागलंय. आमच्या लग्नाआधी, सोसायटी नवीन असताना, दादांनी एक फॉर्म भरला होता की आपल्या पश्चात घर कोणाच्या ताब्यात द्यायचं. तेव्हा त्यांना तुझ्याशिवाय होतं कोण? मग लग्न झालं, एक्केचाळीस वर्षं झाली, आणि तो फॉर्म बदलायचा राहिला. स्वतःच्या चष्म्यावर बसणारा माणूस तो, फॉर्म काय लक्षात ठेवणार.

मी नव्या इमारतीला विरोध केलेला नाही. नकाशा आणि कराराची प्रत तेवढी वाचायला मागितली होती. ती मागणारी मी एकटीच निघाले, असं दिसतंय.

तुझ्याकडून एवढंच हवं. तुझं नाव फक्त जुन्या फॉर्ममुळे लागलं आहे आणि घर वहिनीचं आहे, असं चार ओळींत लिहून सोसायटीला पाठव. बाकी ठीक. सौ.ला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
वहिनी

—

१५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुम्हाला सभेतून उठवलं? त्या शिक्केवाल्याला एवढंही कळू नये की त्या घरात मी पाहुणा होतो आणि तुम्ही घरच्या? अठराव्या वर्षी बटणं खालीवर लावून तुमच्या दारात उभा राहिलो, तेव्हापासून सहा वर्षं तुमच्या हातचं खाल्लं. परीक्षेच्या आधी मला ताप भरला तेव्हा तुम्ही रजा घेऊन उशाशी बसून मला पुस्तकं वाचून दाखवलीत. हे त्यांच्या रजिस्टरात कुठे असणार.

चार ओळी काय, चार पानं लिहितो. या आठवड्यात पाठवतोच.

इकडे बरं आहे. सप्टेंबरात निवृत्त होईन. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले, आता हे सरकारी घर सोडायचं तर स्वतःचा म्हणून चौकोन कुठे काढायचा, या विचारात आहे. सौ. म्हणते की आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी आखल्यास, आता आपली आख. ती थट्टेनेच म्हणते, पण खिडकीपाशी उभी राहून म्हणते.

तुम्ही काळजी करू नका. लोभ आहे तो असाच असू द्या.

आपला,
धाकटा

—

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोसायटीत अजून आलेलं नाही. मी दोनदा विचारून आले. शिक्केवाले हसले आणि म्हणाले की तुमच्या दिरांशी आमचं बोलणं चालू आहे. काय बोलणं, ते सांगितलं नाही. टपालात गहाळ झालं असेल तर पुन्हा पाठव, आणि एक प्रत मलाही.

दरम्यान मी गप्प बसलेले नाही. छापखान्याच्या मालकांची सून वकील आहे. लहानखुरी आहे, पण बोलते ठसठशीत, मला सगळं समजतं. ती म्हणाली की फॉर्ममध्ये नाव असलेला माणूस घराचा मालक होत नाही. तो फक्त वारसासाठी सांभाळणारा. पोस्टमनच्या थैलीत आपलं पाकीट असतं म्हणून ते त्याचं होत नाही, तसंच. वारस मीच, म्हणून निबंधकाकडे अर्ज करायला सांगितलं. तो मी केला आहे. अर्जात तुझ्याविरुद्ध एक अक्षर नाही. तक्रार सोसायटीवर आहे, की त्यांनी मला न विचारता, न कळवता नाव लावलं.

तुझ्या खोलीतल्या कपाटाला वाळवी लागली होती. साफ केलं. तुझी जुनी कंपासपेटी निघाली, ती ठेवून दिली आहे.

पत्राची वाट बघते.

तुझी,
वहिनी

—

२० मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

कामाच्या गडबडीत पत्राचं राहून गेलं. क्षमस्व.

सेक्रेटरी मध्यंतरी इकडे येऊन गेले. माणूस वाटतो तितका वाईट नाही. इमारत जुनी झाली आहे आणि फार ताणलं तर सगळ्यांचंच नुकसान, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही निबंधकाकडे जायची घाई केली नसती तर बरं झालं असतं.

मनात येतं ते लिहितो. तुम्ही एकट्या, ऐकू कमी येतं, चार जिने. असं किती दिवस चालणार? निवृत्तीनंतर आमचं बस्तान नीट बसलं की तुम्ही आमच्याकडेच राहायला या. तुमची खोली वेगळी ठेवू. सौ.चीही तीच इच्छा आहे.

प्रकृतीला जपा.

आपला,
धाकटा

—

९ एप्रिल

भाऊजींस,
नमस्कार वि. वि.

काल निबंधक कार्यालयात गेले होते. तिथल्या बाईंनी सोसायटीने दिलेली फाइल वाचायला दिली. त्यात तुमचे दोन कागद आहेत, दोन्ही ११ मार्चचे. एक, कायम सभासद करून घ्यावं असा अर्ज. दुसरा, इमारत पाडायला संमती. दुसऱ्या कागदात लिहिलंय की सध्या घरात राहणाऱ्या नातेवाईक बाईंना जागा खाली करायला लावण्याची जबाबदारी माझी.

नातेवाईक बाई म्हणजे मी.

बाईंनी पाणी आणून दिलं. मला पाणी नको होतं. मी सही बघत होते. खोटी असेल, असं आधी वाटलं. वाटून घेतलं म्हणा. पण शेवटच्या अक्षराचं शेपूट लांबवून खाली दोन टिंबं देणारा मला दुसरा कोणी माहीत नाही.

२० मार्चच्या पत्रात तुम्ही मला राहायला बोलावलंत. ते पत्र घरी आल्यावर पुन्हा काढून वाचलं. तुमचं बस्तान कुठे बसणार होतं, ते आता कळलं.

मी भांडणार नाही. वकीलबाई म्हणतात की विश्वासघाताचं कलमही लावता येईल. मी नको म्हटलं. मला एकच विचारायचं आहे. त्या शिक्केवाल्याने घाईत पुढे केलं आणि तुम्ही न बघता सही केलीत, असं झालं का? तसं असेल तर तेवढं कळवा. माझं पुढचं आयुष्य सोपं होईल.

वहिनी

—

१८ एप्रिल

ती. वहिनीस,
शि. सा. न.

पत्रात 'भाऊजी' वाचलं. चाळीस वर्षांत तुम्ही मला कधी भाऊजी म्हटलं नव्हतं.

न वाचता सही केली, असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. तुम्ही मला त्यासाठी वाट करून दिली आहे, हेही कळतं. पण वहिनी, मी वाचलं होतं. माझा धंदाच वाचायचा. दोन्ही कागद दोनदा वाचले. 'नातेवाईक बाई' या शब्दांवर पेन थांबलं होतं. शिक्केवाले म्हणाले की ही फक्त भाषा असते. मला तेवढं पुरलं.

सोसायटीला द्यायचं पत्र मी लिहिलं होतं. १७ फेब्रुवारीला. टेबलावर होतं. मग ते गृहस्थ आले आणि त्यांनी नव्या इमारतीचा नकाशा पसरला. तिसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेची खिडकी, आणि चौकोनात माझं नाव. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं अशी लिहीत आलो. माझं नाव कोणी लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते पत्र मी खणात टाकलं.

सौ.ला दोष देऊ नका. तिने एकदाच विचारलं, की मग वहिनी कुठे राहतील? मी म्हटलं, आपल्याकडे. ते बोलताना मला मी फार मोठ्या मनाचा वाटलो. तुमचंच घर घेऊन त्यातली एक खोली तुम्हाला द्यायला निघालो होतो, हे मला तुमचं पत्र येईपर्यंत दिसलं नाही. किंवा दिसलं आणि मी बघितलं नाही.

क्षमा मागायची हिंमत नाही. सुनावणीला येईन.

धाकटा

—

४ जून

ती. वहिनीस,
शि. सा. न.

सुनावणीच्या दिवशी तुम्हाला न भेटता निघून आलो. बाकावर तुम्ही तीन हातांवर होतात, निळी पिशवी मांडीवर घेऊन. तुम्ही वाळलात. तुमच्याकडे यायला उठलो आणि पाय जिन्याकडे वळले.

मला जे सांगायचं होतं ते अधिकाऱ्यांपुढे सांगितलं. तुम्हाला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

आम्ही गावाबाहेर भाड्याची जागा बघितली आहे. ठीक आहे. सौ. गेले दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

एकदा येऊन जाऊ का? दादांच्या फोटोसमोर उभं राहायचं आहे. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. आणि जमलं तर मला पूर्वीसारखं 'तू' म्हणा. नाही जमलं तर तेही राहू द्या.

धाकटा

—

३० जून

भाऊजींस,
नमस्कार वि. वि.

निकालाची प्रत हातात येईपर्यंत थांबले होते. काल आली.

त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नाही. खोलीत पंखा मोठा होता आणि तुम्ही मान खाली घालून बोलत होतात, ओठ दिसेनात. मला दिसलं ते एवढंच, की शिक्केवाले उठून उभे राहिले, त्यांचा वकील तुमच्या बाहीला धरून खाली बसवायला बघत होता आणि तुम्ही बसत नव्हतात. बराच वेळ बसला नाहीत. काय बोललात ते मी काल कागदावर वाचलं. तुम्ही म्हणालात की अर्ज आणि संमती मी पूर्ण वाचून, समजून दिली होती, माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता, आणि ती चूक होती. हे घर माझ्या वहिनीचं आहे. दबाव होता असं म्हणाला असतात तर तुमची लाज वाचली असती. वकीलबाईंनीही हे मला दोनदा सांगितलं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

सभासद म्हणून माझं नाव लावावं आणि तुमची संमती धरू नये, असा हुकूम झाला आहे. गेल्या रविवारी सभेला बसले. शिक्केवाल्यांनी स्वतः पुढची खुर्ची दिली. कराराची प्रत वाचली आणि अकरा शंका लिहून दिल्या. त्यातल्या सात इतरांनाही होत्या, कोणी विचारल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात माझा हात धरून काहीतरी म्हणाल्या. बहुतेक चांगलंच असावं.

लोक म्हणतात मी जिंकले. संध्याकाळी काम आटोपून बसते तेव्हा घर तेवढंच आहे, पण मी त्यात पूर्वी जशी बसायची तसं आता बसता येत नाही. पूर्वी हे घर आहे, हे मला ठाऊक सुद्धा नव्हतं. आता रोज ठाऊक असतं. तुमच्या खोलीत मी पुठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवले आहेत. जागा लागते म्हणून ठेवले, असं स्वतःला सांगते.

तुमच्यावर राग आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. राग एप्रिलमध्ये होता. नंतर तो गेला आणि त्या जागी काही आलं नाही. तुम्ही खरं बोललात याचा मला अभिमान वाटला. इतका, की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला मला दोनच माणसं होती. एक दादा आणि एक तुम्ही.

'तू' लिहून बघितलं. एक आख्खं पत्र लिहिलं आणि फाडलं. अजून होत नाही. जबरदस्तीने लिहिलं तर ते तुम्हाला लगेच कळेल.

दादांना भेटायला जरूर या. सौ.लाही आणा, तिचा यात काही दोष नाही. जेवून जा. फक्त निघायच्या आधी चार दिवस कळवा. तुम्ही येणार म्हटल्यावर मनाची तयारी करायला मला आता थोडे दिवस लागतात.

गुडघ्याला जपा.

वहिनी