वर केलेली मूठ

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असतील असं धरून चालते, कारण काल फोनवर विचारायला मिळालंच नाही. तू बोललीस, मी ‘हं’ म्हटलं, तू फोन ठेवलास. लहानपणी मी तोंडाळ आणि तू गरीब गाय होतीस म्हणे. आता कोण विश्वास ठेवेल! म्हणून कागद घेऊन बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी तुझ्या लेकीची खबर. पायाची सूज बरीच उतरली आहे. कुबड्या घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते आणि मला हात लावू देत नाही. फिजिओथेरपीच्या बाई रोज येतात, गोड बोलून तिचा घाम काढतात. माझ्या हातच्या भाजीला परत नावं ठेवायला लागली आहे, तेव्हा तब्येतीची काळजी नको. टीममधल्या मुली संध्याकाळी येऊन जातात. ‘शिडी, शिडी’ करून घर डोक्यावर घेतात. तुला ते नाव आवडत नाही, पण ती मात्र त्या हाकेला लगेच ओ देते.

कॉलेजात अजून जिंकल्याचंच कौतुक चाललंय. प्राचार्यांनी कप आपल्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलाय आणि फीची चौकशी करायला आलेल्या माणसालाही ते तो दाखवतात. मी कोच म्हणून नोकरीला लागले तेव्हा मुलींचा बास्केटबॉलचा संघ म्हणजे जेमतेम पाच जणी आणि एक हवा गेलेला बॉल होता. मुलगे खेळून दमले की कोर्ट आम्हाला मिळायचं, तोवर बॉल दिसेनासा झालेला असायचा. कोर्टाची वेळ, बूट, कपडे बदलायला खोली, एकेका गोष्टीसाठी मी ऑफिसचे उंबरे झिजवले. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. आई म्हणायची, हिचं लग्न त्या लोखंडी कड्याशी लागलंय. चुकीचं नव्हतं तिचं. उभा जन्म त्याच्याकडे मान वर करून बघण्यात गेला.

माझा मुठीचा नियम तुला माहीत आहे. तूच चार जणींत मोठ्या अभिमानाने सांगतेस. खेळताना दम संपला, काही दुखलं, तर बेंचकडे बघून मूठ वर करायची. मी लगेच बदली खेळाडू आत पाठवते. का, कशाला, हे विचारायचं नाही आणि नंतर ऐकवायचंही नाही. दुसरे कोच हसायचे, म्हणायचे मुली सोकावतील. एकही सोकावली नाही. उलट थांबता येतं हे माहीत असल्यामुळे त्या जिवाच्या आकांताने पळायच्या. इतक्या वर्षांत मी काही चांगलं केलं असेल तर एवढंच.

काल तू म्हणालीस, “कार्टीने मूठ वर केली असती तर तू तिला बाहेर काढलं नसतंस का? दुखणं लपवलंन तिने. माझ्यापासून लपवलं, तुझ्यापासून लपवलं. असली पोर मला परगावी ठेवायची नाही. जरा चालायला लागली की घेऊन येते. बास झालं कॉलेज.”

आणि मी ‘हं’ म्हटलं. त्या ‘हं’ची मला फार लाज वाटते आहे, ठमे.

ती संघात आली त्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, घरी मावशी, कोर्टवर मॅडम. तिने ते इतकं कसोशीने पाळलं की नव्या मुलींना आमचं नातं कित्येक दिवस कळलंच नव्हतं. मग सुरुवातीच्या एका सामन्यात तिने मूठ वर केली आणि मी तिला बाहेर काढलं. मागून कुणाचे तरी वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भाची दमली वाटतं लगेच!” मला ते फार झोंबलं. तेव्हापासून मी तिच्याशी जास्तच कडक वागायला लागले. बाकीच्यांना मैदानाला दोन फेऱ्या, तर तिला चार. तिने तुला यातलं काही सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर तू मिळेल त्या गाडीने येऊन माझी खरडपट्टी काढली असतीस.

अंतिम सामन्यात शेवटच्या क्वार्टरला आम्ही दोनच गुणांनी पुढे होतो. त्यांची सेंटरला खेळणारी ताडमाड मुलगी फक्त शिडीलाच आवरत होती. एकदा उडी मारून खाली येताना हिचा चेहरा कळवळला. तिने बेंचकडे बघितलं आणि मूठ वर केली.

मला ती दिसली. मी मान फिरवून स्कोअरबोर्ड बघितला.

थोड्या वेळाने तिने पुन्हा मूठ उचलली, पण या वेळी खांद्यापर्यंतच. वर्गात बाहेर जायची परवानगी मागावी तशी. शेजारी बसलेली बदली मुलगी आपण होऊन जॅकेट काढून उभी राहिली होती. मी तिला म्हटलं, “खाली बस.” तिसऱ्यांदा शिडीने मूठ वर केलीच नाही. कड्यावर आपटून परतलेला बॉल धरायला उडाली आणि आडवी झाली. तशा अवस्थेतही तिने मला हाक मारली ती ‘मॅडम’ म्हणून.

बाकीचं तुला ठाऊक आहे. आम्ही जिंकलो.

मी स्वतःची समजूत घालत होते की भाचीला झुकतं माप द्यायचं नव्हतं, म्हणून असं झालं. ऐकायला किती बरं वाटतं! पण त्या दिवशी ते टोमणा मारणारे गृहस्थ प्रेक्षकांत नव्हतेच. मला कप हवा होता, ठमे. दुसऱ्या कुणाची पोर असती तर तिच्या आईबापांचा विचार मनात आला असता. ही घरची, ही सोसेल, असं मी धरून चालले.

तू दवाखान्यात पोचायच्या आधी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “मावशी, आईला सांगू नकोस. मी मूठ वर केलीच नाही, असं सांगेन मी. आई तुझ्याशी कायमचं बोलणं टाकेल. तुम्ही दोघीच तर उरलात एकमेकींना.” आणि मी मान डोलावली. केस पिकलेली बाई मी, त्या पोरीच्या आड लपले.

शुक्रवारी राजीनामा दिला. प्राचार्य म्हणाले, “जिंकल्यावर कोण सोडतं हो?” त्यांना खरं कारण सांगितलं, मग कोर्टवर जाऊन मुलींनाही सांगितलं. ती बदली मुलगी म्हणाली, “मॅडम, आम्हाला माहीत होतं.” मग त्यांनी बॉल घेतला आणि सराव सुरू केला. मी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले.

तिचं कॉलेज सोडवू नकोस. माझ्याकडे ठेव असं म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. वसतिगृहात तळमजल्यावरची खोली बघून ठेवली आहे, सोबतीला तीच बदली मुलगी असेल. पुढच्या वर्षी पळू शकेल असं डॉक्टर म्हणतात. खेळायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. तिने दुखणं लपवलं नाही गं. भर मैदानात दोनदा सांगितलं. खोटं बोलली ती नंतर, आणि तेही माझ्यासाठी.

आतून आत्ताच विचारत होती, कुणाला एवढं लिहिते आहेस? मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. हे पत्र गेल्याचं कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. तू येशील तेव्हा दार मी उघडेन. जे काय बोलायचं ते मला दारातच बोलून घे, आणि मग आत जाऊन तिला जवळ घे.

तिने माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, की तुला सांगू नये. महिन्याभरात दुसऱ्यांदा मी तिचं ऐकत नाहीये. पहिल्यांदा ऐकलं नाही ते माझ्यासाठी.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई