पत्नीच्या रांगेत चौदा महिने

३ जानेवारी, मंगळवार

चौदा महिने! आणि तेही "सुमारे".

आज एजंटाकडे जाऊन आले. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन जिने चढून हा. मी मनात त्याला 'होऊन जाईल' म्हणते, कारण कुठलंही वाक्य तिथेच येऊन टेकतं. ह्यांच्याकडे परदेशात कायमचं राहायला जायचं तर मी पत्नी म्हणून अर्ज करायचा, चौदा महिने थांबायचं. सासूबाईंचा अर्ज वेगळा, मुलावर अवलंबून असलेली आई म्हणून. तिथे तीस महिने.

"अहो, तोवर त्या ऐंशीच्या पुढे जातील," मी म्हटलं.

"होऊन जाईल, वहिनी."

काय होऊन जाईल ते काही सांगितलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई अंथरुणातूनच, "तीस महिने? तोवर मी वर जाऊन तुझ्या सासऱ्यांना भेटून परत येईन."

हे तिकडे शीतगृहात यंत्रं सांभाळतात. चार वर्षं झाली. रजेवर यावं तर तिथे सलग राहिल्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजतात, आणि ते दिवस पुरे झाले नाहीत तर आम्हाला बोलावण्याचा हक्कच जातो. म्हणजे मला नेण्यासाठी ह्यांनी मला भेटायचं नाही. असं आहे.

५ जानेवारी

सगळ्या फी मांडल्या. अर्जाची फी. अर्ज तपासण्याची फी. मग आधीची कशाची होती? बोटांच्या ठशांची फी, ठसे पाठवण्याची फी. अर्ज कुठवर आला हे विचारण्याची फी. नाकारला तर का नाकारला हे कळण्याची फी.

शिवाय 'जलद' नावाची एक, साध्याच्या दुप्पट. चौकशीच्या फोनवर पंचवीस मिनिटं बाजा ऐकला. मग एक मुलगी आली, गोड बोलणारी. जलदमध्ये किती दिवस? "जास्तीत जास्त चौदा महिने, मॅडम." आणि साध्यात? "साधारण चौदा महिने." मग फरक काय गं बाई? "जलदमध्ये उशीर झाला तर आम्ही दिलगिरी व्यक्त करतो."

साधाच भरणार. दिलगिरी काय फोडणीत घालू?

११ जानेवारी

मॅट्रिकला मला गणितात अठ्ठ्याहत्तर होते. आज त्याचा काही उपयोग झाला नाही.

पोलिसांचा दाखला मिळायला सत्तर दिवस, चालतो नव्वद दिवस. डॉक्टरी तपासणी सहा महिने चालते. बँकेचं पत्रक द्यायचं, त्यात सलग अठ्ठावीस दिवस ठरलेल्या रकमेखाली शिल्लक जाता कामा नये. आणि साहेब ज्या दिवशी फाईल उघडेल त्या दिवशी हे सगळं ताजं हवं. कधी उघडेल? ते सांगत नाहीत!

म्हणजे पाहुणा चौदा महिन्यांत केव्हाही येईल, पण भात वाफाळता हवा, दुधावर साय हवी आणि भाजी आत्ता उतरवलेली. बरं, चाळीस माणसांचा स्वयंपाक मी एका शेगडीवर केलाय. ज्याला वेळ लागतो ते आधी चढवायचं, एवढीच त्यातली अक्कल. कॅलेंडर घेऊन बसले. कुठला कागद कधी शिळा होतो ते लाल पेन्सिलीने लिहिलं. पाच वेळा पोलीस, तीन वेळा डॉक्टर, बँक दर महिन्याला.

सासूबाईंना वाचून दाखवलं. मी गुन्हा केलेला नाही हे पाच वेळा लिहून द्यायचं, एकदा सांगून भागत नाही का?

"दर तीन महिन्यांनी विचारतात म्हणजे त्यांनी तुझी आशा सोडलेली नाही," सासूबाई.

१५ जानेवारी, रविवार

ह्यांचा फोन. रविवारची आठ मिनिटं. म्हणाले, "परवा मी सात नंबरच्या यंत्राशी बोललो."

"काय बोललात?"

"हेच, आज थंडी फार आहे वगैरे. ऐकून घेतं गं ते."

मी हसले. फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही.

२ फेब्रुवारी

एकाच घरातला दुसरा अर्ज सोबत भरला तर ठशांच्या फीत चाळीस टक्के सूट! सासूबाईंचाही आत्ताच भरायचं ठरवलं. तीस महिने तर तीस महिने, रांगेत उभ्या तर राहू देत.

"सूट मिळते म्हणून मलाही टाकलंस होय पिशवीत?" पण नवी साडी काढून तयार होत्या.

फोटोवाला म्हणाला, आजी, हसायचं नाही, दात दिसले तर फोटो परत येतो. सासूबाई म्हणाल्या, "मला दातच नाहीत. हसू का?" त्याने विचार केला आणि तरीही नको म्हणाला.

२७ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही अर्ज दिले. देवा, तुझ्या हवाली.

एक्केचाळिसाव्या प्रश्नाशी बराच वेळ अडले. 'दाखवलेल्या रकमेवर अन्य कोणाचा हक्क आहे काय?' आहे. त्यातले अकरा हजार देवाचे. हे तिकडे गेले तेव्हा मी नवस बोलले होते, आम्ही पुन्हा एका घरात आलो की वाहीन. तेव्हापासून महिन्याला थोडे बाजूला काढते. वेगळं खातं उघडलं असतं तर त्याची किमान शिल्लक ठेवावी लागते. आणि डब्यात ठेवून व्याज का बुडवायचं? देवाचे झाले म्हणून काय झालं. म्हणून आमच्याच खात्यात, व्याजासकट त्याच्या नावे मांडलेले.

खोटी सही करायची आणि वर त्याच्याकडेच मागायचं, हे मला जमणार नव्हतं. लिहिलं: 'होय. रुपये अकरा हजार. देव.'

आता बरं वाटतंय.

२८ फेब्रुवारी

चारशे एकोणीस दिवस उरले, चौदा महिने अगदी नेमके, तीस-तीस दिवसांचे धरले तर. धरू नयेत.

३० मार्च, गुरुवार

पत्र आलं! एवढ्या लवकर! सासूबाई म्हणाल्या, आधी बस, मग फोड.

लिहिलंय: 'अर्जदाराने नमूद केलेल्या देव या तिसऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि सदर रक्कम पुढील दोन वर्षे मागणार नसल्याचे संमतिपत्र तीस दिवसांत सादर करावे.'

मी तीन वेळा वाचलं. सासूबाईंनी एकदाच ऐकलं आणि त्यांना एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

३१ मार्च

होऊन-जाईलने कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, हे काय लिहिलंत!"

"खरं ते लिहिलं."

"खरं कोण विचारतंय? तिथे 'नाही' लिहायचं असतं!"

मग त्याला एक युक्ती सुचली. देवळाच्या लेटरहेडवर पत्र आणा, त्यांच्यातर्फे. पहिल्यांदाच 'होऊन जाईल' म्हणाला नाही. तेव्हा मी घाबरले.

२ एप्रिल, रविवार

पुजाऱ्यांनी पत्र नीट वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. म्हणाले, "रक्कम मागणार नाही असं मी कसं लिहून देऊ? मी पूजा करतो. त्यांच्या वतीने सही करत नाही." पत्त्याच्या पुराव्याचं विचारलं तर म्हणाले, वीजबिल विश्वस्तांच्या नावावर येतं.

ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "अगं, सरळ देऊन टाक ना ते अकरा हजार. विषय संपला." नवस पुरा होण्याआधीच फेडायचा? पण हक्कच उरला नाही तर संमतिपत्र कुणाचं मागतील? मलाही पटलं.

३ एप्रिल

दिले. व्याजासकट अकरा हजार सहाशे बारा. पावती पाठवून दिली. सुटले.

१० एप्रिल

सुटले कुठली! ते पैसे काढल्यावर खात्यात शिल्लक उरली ठरलेल्या रकमेपेक्षा चारशेने कमी. अठ्ठावीस दिवस पुन्हा एकपासून. आणि माझी फाईल आता पत्नीच्या रांगेत नाही, 'स्पष्टीकरण' नावाच्या रांगेत आहे. तिथले अठरा महिने, ते संपले की पुन्हा पत्नीच्या रांगेत शेवटी.

ते व्याजाचे सहाशे बारा नंतर दिले असते तर चाललं असतं. मला अठ्ठ्याहत्तर मार्क कुणी दिले?

जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल, बुधवार

सासूबाईंचा अर्ज मंजूर!

माझा नव्हे. त्यांचा. तीस महिन्यांचा, सात आठवड्यांत. एजंटाने चौकशी केली. पंचाहत्तरीच्या वरच्यांच्या रांगेत कुणी उरलंच नव्हतं. तीस महिने थांबेपर्यंत बहुतेकांना दुसरीकडून बोलावणं येतं. सासूबाईंची फाईल गेली ती थेट साहेबाच्या टेबलावर.

साठ दिवसांत तिथे पोचायचं. नाहीतर रद्द.

२० एप्रिल

मला राग आला. इथे तरी खोटं नको. सासूबाईंचा राग नाही, पण त्या मुलाला डोळ्यांनी बघणार, ह्यांच्या हातचा चहा पिणार, आणि मी इथे कागद ताजे करत बसणार. असा राग देवाला दिसतो हे माहीत असूनही आला.

सासूबाईंनी सकाळी जाहीर केलं, "तू गेल्याशिवाय मी जात नाही."

"आई, पुन्हा रांग नाही मिळायची."

"मग नको. मला तिकडे कोण ओळखतं?"

"तुमचा मुलगा ओळखतो."

पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ओळखेल ना? चार वर्षांत माझे उरलेले दातही गेले."

३ जून, शनिवार

सोडून आले. चाकांच्या खुर्चीत बसवून एक गणवेशातला माणूस त्यांना घेऊन गेला. औषधांच्या दोन पुरचुंड्या मी त्यांच्या गळ्यात अडकवल्या, सकाळची लाल दोऱ्याची, संध्याकाळची पांढऱ्या. वळून म्हणाल्या, "गॅस बंद करून आलीस ना?"

केला होता. तरी घरी धावत आले.

४ जून

एका माणसाचा भात किती घालायचा ते कळत नाही.

९ जुलै, रविवार

आज फोनवर आधी सासूबाई. तक्रारी पाढ्यासारख्या म्हणून झाल्या. नळाला पाणी दोन रंगांत येतं, मुलगा भाजीत मीठ दोनदा घालतो. मग म्हणाल्या, "ऐक, इथे एक बाई येऊन गेली. सरकारी. म्हातारी माणसं बघायला येते."

त्या बाईने विचारलं, तुमचा मुलगा पाळीवर जातो, मग दिवसभर तुम्हाला कोण बघतं? कुणीच नाही. ते चालत नाही, म्हणाली. सांभाळायला बाई ठेवावी लागेल, आणि इथे बायका मिळत नाहीत म्हणून बाहेरून आणायची परवानगी आहे. तिची रांग तीन आठवड्यांची.

"मग मी सांगितलं तिला," सासूबाई म्हणाल्या, "माझी बाई आहे तिकडे. बावीस वर्षांचा अनुभव."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आई, चेष्टा करताय का?

"चेष्टा तुझ्या त्या अकरा हजारांची झाली. हे मी पक्कं विचारलंय."

१२ जुलै

एजंटाकडे. सुनेला चालतं का हो? त्याने सगळे नियम चाळले. नात्याला मनाई कुठेच नाही. "त्यांना हे सुचलंच नसणार, वहिनी." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "होऊन जाईल!" इतका आनंद मला त्या शब्दांनी कधी झाला नव्हता.

फक्त एक. दोन अर्ज एकाच वेळी चालत नाहीत. पत्नी म्हणून केलेला मागे घ्यायचा. मागे घेण्याची फी आहेच. आणि लिहून द्यायचं: 'मी पत्नी या नात्याने तेथे येण्याचा दावा सोडत आहे.'

पेन हातात धरून बसले. बावीस वर्षांत हा दावा कुठे केल्याचं आठवत नाही. सही केली.

१६ जुलै, रविवार

ह्यांना सांगितलं. ह्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे तू इथे आलीस की मी तुझा कोण?"

"मालकिणीचा मुलगा."

"बरं. मग मला चहा मागता येईल?"

"मालकिणीला विचारा."

चार वर्षांत ह्यांना इतकं हसताना ऐकलं नव्हतं. पलीकडून सासूबाई ओरडत होत्या, एवढं हसायला काय झालं, बिल कोण भरणार!

२ ऑगस्ट

अनुभवाचा दाखला आला. आधीच्या मालकाने लिहायचा असतो, म्हणजे सासूबाईंनीच. त्यांच्या हातचा, वाकड्या अक्षरात:

'ही बाई बावीस वर्षे माझ्याकडे आहे. चोरी नाही. उलट बोलते, पण काम टाकून कधी गेली नाही. माझ्या औषधाची वेळ एकदाही चुकली नाही. मी हिला कधी चांगलं म्हटलेलं नाही, ते इथे लिहिते.'

एजंट विचारत होता, शेवटचं वाक्य खोडायचं का. मी म्हटलं, हात लावू नका.

९ ऑगस्ट

अर्ज गेला. नाते: सून. रकमेवर कोणाचा हक्क: नाही.

३० ऑगस्ट, बुधवार

मंजूर! एकवीस दिवसांत!

खाली बारीक अक्षरात एक अट आहे. मालकीण हयात आहे तोवरच मला तिथे राहता येईल.

सकाळी देवापुढे बसले. बावीस वर्षं पहिलं मागणं ह्यांच्या आयुष्याचं असायचं. आज सासूबाईंसाठी शंभर वर्षं मागितली. अगदी मनापासून.