मांडी मामाचीच

ती. शरच्चंद्रमामा,

काल संध्याकाळी पाळणाघराच्या दारात आश्लेषाने मला "अण्णा" (कन्नडमध्ये दादा!) म्हटलं आणि त्या क्षणी माझं सगळं आयुष्य बदललं. (नमस्कार राहिलाच. साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी नको म्हणत असतानाही तुम्ही जिना चढून गच्चीत जाता, हे मला बंगळुरूत बसून दिसतं.) फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेल्या वेळात कॉलेजचं विचारता, म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो मामीच्या मोबाइलवर पाठवतोय. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग का सोडलं, हा या पत्राचा विषय नाही.

विषय आशयचा आहे. आपल्या स्मिताताईचं लेकरू आता दहा महिन्यांचं झालं. ताई आणि ध्रुव भावोजी दोघंही महादेवपुऱ्यातल्या कंपन्यांमध्ये, त्यामुळे आशयला सकाळी तळमजल्यावरच्या पाळणाघरात सोडणं आणि संध्याकाळी आणणं हे काम माझं. (मधल्या वेळात "त्याचा रुमाल राहिला" म्हणून दोनतीन चकरा होतात. त्याच्याकडे रुमालच नाही.) पाळणाघर आश्लेषा आणि तिची आई चालवतात. मूळची निपाणीकडची माणसं, घरात मराठी, बाहेर कन्नड. तर ती म्हणाली, "अण्णा, आशयची गोवरची लस झाली नाही ना अजून? मग स्वल्प थांबा. झाली की आणा." कारण पलीकडच्या इमारतीत दोन मुलांना गोवर निघालाय, आणि तिच्याकडे एक चार महिन्यांचं बाळ आहे. त्याचं ही लस घ्यायचं वय अजून झालेलं नाही, म्हणजे त्याला बाकीच्यांनीच जपायचं. हे मला आता कळतंय. त्या वेळी कानात फक्त "अण्णा" शिरलं होतं, आणि मी ओरडलो की हे पाळणाघर आहे की विमानतळ! ती शांतपणे म्हणाली, "सरी, अण्णा." (सरी म्हणजे बरं.) अण्णा, दुसऱ्यांदा!

तसाच आशयला काखेत घेऊन वर गेलो, कारण राग कोणावर तरी काढायलाच हवा होता आणि वर दोन माणसं आयती होती. मामा, ही दोघं लशीच्या विरुद्ध नाहीत. विरुद्ध असती तर भांडायला सोपं गेलं असतं. मागच्या इंजेक्शननंतर आशयला एक रात्र ताप आला, तेव्हापासून ताई म्हणते, "थोडं पुढं ढकलू." भावोजी इंटरनेटवर बाजूचंही वाचतात, विरुद्धचंही वाचतात, आणि दोन्हीकडे मान डोलावतात. (नवा कुकर घेतानाही असंच झालं, दोन महिने आम्ही भात पातेल्यात केला.) शनिवार आला की "पुढच्या शनिवारी बघू". असे बरेच शनिवार गेले.

मी तोंड सोडलं. म्हटलं, याचे कान टोचायला जयनगरच्या सोनाराकडे सगळे नटूनथटून गेलात, पेढे वाटले, फोटो काढले, पोरगं किंचाळून निळं पडलं तरी कोणी इंटरनेट उघडलं नाही. दोन भोकं चालतात आणि एक सुई चालत नाही? हे काय लॉजिक आहे?

मला वाटलं, आता ताई चप्पल फेकेल. तर ती खालीच बसली. म्हणाली, "तेव्हा तो तुझ्या मांडीवर होता रे. मामाच्या मांडीवर. मी बाहेर उभी होते. दवाखान्यात त्याला मी धरलेलं असतं. सुई टोचली की तो सुईकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो."

भावोजींनी लॅपटॉप मिटला. माझा राग तर कुठे गेला तेच कळेना (ही माझ्या बाबतीत किती दुर्मीळ घटना आहे, तुम्ही जाणता). मी म्हटलं, "मग लसही माझ्याच मांडीवर. कान टोचायला मामा चालतो, तर याला का नाही?" भावोजींनी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी मागच्या तापाचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की असा ताप येऊ शकतो, तेवढ्यासाठी पुढची लस थांबवायची नसते. ताप आलाच तर काय करायचं ते समजावते, म्हणाल्या, पण गोवर काही तुमच्या शनिवारची वाट बघणार नाही. ताई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सकाळी बघू." आज ती सकाळ आहे, आणि शनिवारही.

मामीला नमस्कार. गच्चीत जाऊ नका.

आपला,
ऋतुराज

ता. क. : आश्लेषाबद्दल काळजी नसावी. चौकशी केली. ती रिक्षावाल्याला अण्णा म्हणते, पाण्याचे कॅन आणणाऱ्यालाही अण्णा म्हणते. म्हणजे ही नुसती इथली रीत आहे, नातं नाही. तिची माफी मागितली. ती हसली, आणि "सरी" एवढंच म्हणाली. पुढे "अण्णा" नाही! मला फार आशा आहे.

ता. क. २ : खरं काम असं, की सोनाराकडे आशयला धरलं होतं तेव्हा माझे डोळे गच्च मिटलेले होते आणि नंतर मला लिंबू-सरबत पाजावं लागलं. सुई मला बघवत नाही. हे ताईला माहीत नाही. माझे कान टोचले तेव्हा मी तुमच्या मांडीवर होतो, तर तुम्ही नेमकं कुठे बघत होतात? पत्र वाचताच मामीला टाइप करायला सांगा.

ता. क. ३ : राहू द्या. ताई आत्ता येऊन आशयला माझ्या हातात देऊन गेली. पायात चपला घालून खाली रिक्षा थांबवायला गेली. आणि हा टक लावून माझ्याकडेच बघतोय. म्हणजे मलाही याच्याकडेच बघावं लागणार, दुसरीकडे बघायची सोयच नाही. उत्तर मिळालं. निघतो. याला खांद्यावर घेतलंय, एका हाताने लिहितोय, दुसऱ्याने दार ओढून घेतोय.