नांगीसाठी दोन खुंट

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)

प्रिय प्रभाकरदादा,

मंदाचा वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तेवढंच वाकले आहे.) गुडघा कसा आहे? तुमच्या वर्तकनगरच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का? आणि नवी कवळी तोंडात असते की अजून डबीतच?

माझं म्हणशील तर एकच ध्यास आहे. तुझ्या पंचाहत्तरीच्या जेवणात चिंबोरीची नांगी मी माझ्या दातांनी फोडून तुझ्या पानात वाढणार. माझे दुधाचे दात पडले तेव्हा तू मला फोडून द्यायचास (अर्धा गर वाटेतच गायब व्हायचा, ते सोड). आता माझी पाळी. त्यासाठीच गेल्या महिन्यात जबड्यात नव्या दातांसाठी दोन खुंट बसवून घेतले, मागे टायटॅनियमचा आणि पुढे, फोटोत शोभावा म्हणून, पांढऱ्या झिर्कोनियाचा (चिनी मातीचा भाऊबंद).

डॉक्टर प्रीती म्हणाल्या, "मावशी, स्क्रू मी बसवला, पण तो धरून ठेवायचं काम तुमच्या हाडाचं. ते सावकाश त्याला बिलगून वाढतं. तोवर त्याला त्रास द्यायचा नाही." धातूचा अनुभव जुना, पांढरा त्या मानाने नवा, पण हाड दोघांनाही घरात घेतं म्हणे. (सुमतीआत्याला दोन सुनांच्या बाबतीत हे जमलं नाही.) नांगीचं मात्र मी डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या मेहुण्याचा, सुधीरचा, पांढऱ्यावर विश्वास नाही. जन्मभर कारखान्यात धातू तपासलेला माणूस! "मंदा, कपबशी आहे ती! तिला कसलं हाड धरतंय?" असं म्हणून रोज चहाचा चमचा घेऊन पुढ्यात बसतो, टणटण वाजवून बघायला. मी ओठ घट्ट मिटून घेते. शाळेत सिस्टर ओरडून थकल्या, तरी तेव्हा हे मला कधी साधलं नव्हतं.

वहिनीने हाडासाठी डिंकाचे लाडू पाठवले, तिची माया मोठी. पण मला चावायची बंदी, म्हणून सुधीरने ते मिक्सरला लावले. लाडू शाबूत राहिले, पातं तुटलं. (वहिनीला म्हणावं, लाडू छान लागले.)

काल एक्स-रे काढला. दोन्हीकडे हाड छान धरतंय, पण वर दात बसायला मे उजाडेल. तुझा वाढदिवस होळीला. मी हिंमत सोडलेली नाही. हाडाला घाई करता येत नाही, एवढंच.

तुझी चिवट बहीण,
मंदा

ता. क. तू होळीचा, हे फक्त आईच्या सांगण्यावरून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लावली, त्याच तारखेच्या हिशेबाने तू निवृत्तीचा हार घातलास. म्हणजे सरकारदरबारी होळीला तू चौऱ्याहत्तरचाच असशील. मग सरकारचा मान राखून पंचाहत्तरी एक जूनलाच करू या का? शांतपणे विचार करून कळव.

ता. क. दुसरा. जेवणाच्या हॉलचं बुकिंग कालच होळीवरून एक जूनला बदलून घेतलं. हॉलवाल्यांना फोन वहिनीनेच केला.