आधीची नोंद

४ नोव्हेंबर
दारव्ह्यात रुजू झालो. खासगी दवाखाना, मागेच ऐसपैस क्वार्टर. माझ्या बायकोला, अर्पिताला, नववा महिना लागलाय, त्यामुळे मी खूश. काम सोपं आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी पुसदच्या मुख्य शाखेतल्या संगणकावर पक्क्या होतात, तिथं क्रमांक पडतो आणि त्याच क्रमानं त्या इथल्या प्रतीत उतरतात. एक अडकली की मागच्या सगळ्या थांबतात. ती मी हातानं पुढं सोडायची. जुने कारकून वामनराव म्हणाले, कायले डोकं लावता साहेब, आल्या तशा सोडत जा.

९ नोव्हेंबर
एक मृत्यूची नोंद अडकली होती. जमनाबाई, बोरी अरब. सोडली. नंतर वॉर्डात पाहिलं तर बाई चहात टोस्ट बुडवून खात होत्या. संध्याकाळी गेल्या. पुसदला फोन केला. तिथं हा क्रमांक अजून पडलाच नव्हता. साहेबांचं उत्तर, क्रम बरोबर आहे ना, मग झालं. अशांच्या हाताखाली नोकरी करतो मी.

१९ नोव्हेंबर
परवा रामसिंगच्या मृत्यूची नोंद अडवून धरली. तांड्यावरचा धडधाकट माणूस, नुसता पाय मोडलेला. दोन दिवस एकही बाई बाळंत झाली नाही. त्या जन्मांच्या नोंदी त्याच्या मागं होत्या. आज सोडली. तासाभरात तो गेला आणि चार बाळं रडली. वामनराव म्हणाले, मले ठाऊक हाये, तुमच्या आधीच्या देवीलालनंबी अडवून पाह्यली होती. कुणीतरी पेढे वाटले. मीही खाल्ला. लाज वाटली, तरी खाल्ला.

२ डिसेंबर
अडकलेली नोंद: मृत्यू, अर्पिता. तिच्या मागं: जन्म, मुलगी, आई अर्पिता.
नाही सोडणार.

३ डिसेंबर
कळा सुरू. बाळ सरकत नाही. डॉक्टर म्हणतात यवतमाळला हलवा — तिथं नेऊन काय — नोंद तर इथंच —
मागं आणखी सहा बाया. एकीची सासू विचारून गेली, काहून अडलं.

४ डिसेंबर, सकाळ
बाळाचे ठोके मंदावलेत. क्रमांक गाळता येत नाही. पुढंमागं करता येत नाही. फक्त नाव दुरुस्त होतं.
वामनरावांनी वॉर्डातल्या म्हाताऱ्या हिरासिंगचं नाव सुचवलं. म्हणाले, कोणाले कळते. टाइप केलं. त्याची बायको बाहेर डबा घेऊन बसलीय —
पुसलं.
नयन लिहिलं. माझंच. सोडली.
शीला सिस्टर सांगून गेल्या — मुलगी — दोघी बऱ्या —
अर्पिता, नाव तूच ठेव, मी